वाळूला रकाना नाही

सोमवार, ४ सप्टेंबर

मागच्या महिन्यात प्रशिक्षणात सांगितलं की प्रत्येक असिस्टंट चीफनं, म्हणजे माझ्यासारख्या गावच्या सरकारी माणसानं, रोजची नोंद ठेवावी. वही सरकारनं दिली, पेन दिला नाही, म्हणून सुरुवात आज. प्रशिक्षण पाणीटंचाईवर होतं आणि हॉलमध्ये बाटलीबंद पाणी इतकं होतं की मी निघताना सहा बाटल्या पिशवीत टाकल्या. कुणी विचारलं नाही.

आज चीफसाहेबांच्या बैठकीत बातमी कळली. नैरोबीची एक संस्था पुन्हा लोकमत घ्यायला येतेय. विषय तोच, हवामान बदल आणि पाणी. तीन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा आमच्या हद्दीनं माझी लाज काढली होती. दहातल्या सात जणांनी सांगितलं, हवामान बदल असं काही ऐकलेलं नाही. म्हाताऱ्या म्झे न्झुकीनं तर "ऐकलं नाही, पण भोगतोय" असं सांगितलं, तेही 'ऐकलं नाही' मध्येच धरलं. सगळ्या जिल्ह्यात आम्ही शेवटून पहिले. साहेबांनी भर बैठकीत विचारलं होतं, "किथेका, तुझे लोक रेडिओ ऐकतात की नुसता उन्हात ठेवतात?" सगळे हसले, मीही हसलो. दुसरं काय करणार.

या वेळी मात्र खेळ मोठा आहे. साहेब म्हणाले, बोअरवेल कुठं द्यायची त्याची यादी याच लोकमतावरून होणार. म्हणजे आमच्या लोकांनी नीट उत्तरं दिली तर क्वा-कावीती गावाला पाणी, नाहीतर राहा कोरडी नदी उकरत. हे काम मी अंगावर घेतलंय.

बुधवार, ६ सप्टेंबर

चिंचेखाली बराझा भरवला, म्हणजे गावसभा. अडीचशे माणसं आली, कारण मी निरोपात 'बोअरवेल' हा शब्द घातला होता. नुसतं 'हवामान' म्हटलं असतं तर मी आणि चिंच, दोघंच उरलो असतो.

तीन उत्तरं शिकवली. हवामान बदलाबद्दल ऐकलंय का? हो, पुष्कळ. आपल्याकडे पाणी का नाही? हवामान बदलामुळे. जबाबदार कोण? आपण सगळेच. हे तिसरं मला फार आवडतं. सगळेच म्हटलं की कुणा एकाला वाईट वाटत नाही.

किस्वाहिलीत हवामानाला देशाचा स्वभाव म्हणतात. म्झे न्झुकी काठी टेकत उठला आणि म्हणाला, देशाचा स्वभाव बदलला म्हणतोस, मग साहेबांचा कसा बदलत नाही? त्याचं वय पंचाऐंशी, त्याला काय बोलणार. बसवलं.

मग सुसू कालोन्दू उठली. ही म्हातारी सगळ्या गावाची आजी, बोलायला लागली की कोंबड्याही गप्प बसतात. तिनं विचारलं, कासुवा नदीच्या पात्रातली वाळू ट्रक भरभरून जातेय, वाळू गेली की पाणीही जातं, हे कधी सांगायचं? मी शांतपणे समजावलं, सुसू, त्यांच्या कागदावर रकाने असतात. हवामान बदल, देवाची इच्छा, माहीत नाही, आणि इतर. वाळूला रकाना नाही. शिवाय वाळू नदीची, पूर आला की परत भरते. ती म्हणाली, पूर कधी येणार? मी म्हणालो, येत नाही यालाच तर हवामान बदल म्हणतात.

हे उत्तर मला जागच्या जागी सुचलं. घरी येईपर्यंत खूश होतो.

शनिवार, ९ सप्टेंबर

चहा अकराला मिळाला. स्योकाऊ, म्हणजे माझी बायको, उजाडायच्या आत गाढव घेऊन निघते ती आता साडेदहाला परतते. पूर्वी सातला यायची. नदीत खालच्या अंगाला उकरलेले झिरे आटले, त्यामुळे सगळ्या बायका बंधाऱ्याच्या वर जातात आणि तिथं रांग. हवामान बदलाचा परिणाम असा थेट माझ्या चहावर झालाय. प्रशिक्षणात स्वतःच्या घरातलं उदाहरण द्यायला सांगितलं होतं, तर हे लिहून ठेवतो.

बंधारा बायकांच्या म्वेथ्यानं बांधला, सात वर्षं झाली. म्वेथ्या म्हणजे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, असं सगळ्यांनी मिळून करायचं काम, त्यात पैसा नाही. स्योकाऊ त्यांची म्होरकी. दीड वर्ष डोक्यावरून दगड वाहिले. भिंतीमागे वाळू साठली आणि वाळूच्या पोटात पाणी. वर बघावं तर कोरडं ठणठणीत, हातभर उकरलं की थंड पाणी. उद्घाटनाचं भाषण मी केलं होतं, चांगलं झालं होतं.

दुपारी मुसेंबी आला. हा वाळूच्या ठेकेदाराचा माणूस, बोलायला गोड. माझ्या नव्या ऑफिसच्या खोलीसाठी एक ट्रक विटा उतरवून गेला. मी विचारलं, याचं काय द्यायचं? तो म्हणाला, साहेब, मैत्रीत हिशेब असतो का? खरंच माणूस मनमोकळा आहे. बंधाऱ्याच्या भिंतीखालची वाळू उचलायच्या परवान्यावर मागेच शिक्का दिलेला आहे. आता त्याला वरची हवी. वरची बारीक असते, शहरातल्या गिलाव्याला चांगली. तो म्हणतो, नुसतं वरवर खरवडू.

बघू म्हणालो.

गुरुवार, १४ सप्टेंबर

रोज चार वाजता चिंचेखाली उजळणी घेतो. पुरुष मंडळी नेमानं येतात, त्यांना त्या वेळी दुसरं काम नसतं. पाठ चोख झालाय. 'जबाबदार कोण' म्हटलं की सगळे एका सुरात 'आपण सगळेच' म्हणतात आणि पुन्हा सावलीत आडवे होतात.

बायका एकही दिवस आल्या नाहीत. निरोप पाठवला तर उत्तर आलं की पाण्याला गेल्यात. दुसऱ्या दिवशीही पाण्याला, तिसऱ्या दिवशीही पाण्याला. पाण्याविषयीच्या कामासाठी यांना पाण्यापायी वेळ मिळत नाही, आता काय डोकं फोडून घ्यायचं? शेवटी स्योकाऊला म्हटलं, तूच त्यांना ती तीन उत्तरं सांग. ती म्हणाली, "रांगेत उभ्या असतो तेव्हा बोलतोच आम्ही. ठरवू काहीतरी." मनावरचं ओझं उतरलं. घरात समजूतदार बाई असली की अर्धं सरकार चालतं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

सर्वेक्षणवाली आली. न्दुंगे नावाची मुलगी, चोवीस-पंचवीसची, पाठीला पिशवी, हातात टॅब. मी तिच्यासाठी चांगल्या चाळीस घरांची यादी करून ठेवली होती. तिनं हात लावला नाही. म्हणे वाटेनं चालत जायचं, दर पाचवं घर, एका घरात पुरुष, पुढच्या घरात बाई. घरात बायका दोन असतील तर आकड्यांची पानं पसरायची, जिचं पान निघेल ती. उत्तर देताना जवळ दुसरं कुणी नको. मी म्हणालो, मी सरकार आहे, दुसरं कुणी नाही. ती हसली आणि टॅब छातीशी धरून उभी राहिली.

नशिबाचा खेळ असा की आमचं घर पाचवं निघालं आणि पाळी बाईची. स्योकाऊ आणि माझी विधवा बहीण, दोन पानं. निघालं स्योकाऊचं. मी स्टूल ओढून बसलो, तेवढ्यात न्दुंगे म्हणाली, साहेब, तुम्ही शेळ्यांच्या पलीकडे जाल का? माझ्याच अंगणात. गेलो. धान्याच्या कणगीआड उभा राहिलो, पण वारा उलटा होता. चाळीस मिनिटांत फक्त एकदा हसण्याचा आवाज आला, तोही दोघींचा.

नंतर विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, जे विचारलं ते. विचारलं काय? ती म्हणाली, जे कुणी कधी विचारलं नव्हतं ते. आणि मुथोकोईसाठी मका निवडायला बसली. या बाईशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान तोंड तरी फिरवत नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

चाळीस घरं पूर्ण. वीसच्या वीस पुरुषांनी तीच तीन उत्तरं दिली, येऊन मला सांगूनही गेले. म्झे न्झुकीनं तर न विचारता तिन्ही म्हणून दाखवली. बायकांतली एकही काही बोलत नाही. 'बरं झालं' एवढंच म्हणतात.

जेवताना स्योकाऊनं विषय काढला. मुसेंबीला वरची वाळू देताय असं ऐकलं, खरं का? मी म्हणालो, अजून शिक्का दिलेला नाही, शब्द दिलाय.

"मग आम्ही पाणी कुठं उकरायचं, मुतिसोचे बाबा?"

"बोअरवेल येतेय ना."

"कधी?"

"लोकमत चांगलं आलं की."

तिनं माझ्या ताटात मक्याच्या पिठाच्या न्गिमाचा आणखी एक गोळा वाढला आणि उठून गेली. तिचं जेवण झालेलं नव्हतं. मला वाईट वाटलं, म्हणून तिच्या वाटणीचंही मीच संपवलं, अन्न वाया जायला नको.

शनिवार, ३० सप्टेंबर

शाळा आता बारालाच सोडतात. मुलांना घरून पाणी आणायला सांगितलं होतं, अर्धी मुलं त्या भीतीनं यायचीच बंद झाली. हेडमास्तर माझ्याकडे आला. मी त्याला हवामान बदलाचं पोस्टर दिलं, रंगीत आहे.

सुसू कालोन्दू खालच्या अंगाच्या जुन्या झिऱ्यात पडली. ट्रकवाल्यांनी खणलेल्या खड्ड्याची कड ढासळली. हाड मोडलं नाही, पण अजून चालता येत नाही. भेटायला गेलो. ती म्हणाली, "बेन्सन, मी तुझ्या आईच्या बाळंतपणाला होते. तुला पहिलं पाणी मी पाजलं, याच नदीतलं." म्हातारं माणूस, जुन्या आठवणी निघतात. एक बाटली ठेवून आलो, प्रशिक्षणातली.

येताना बंधाऱ्यापाशी थांबलो. वर एकच ओल उरली आहे, भिंतीला लागून, घराच्या अंगणाएवढी. तीस-बत्तीस बायका बसून वाटीवाटीनं पाणी कॅनमध्ये भरत होत्या. मला बघून कुणी उठलं नाही. पूर्वी उठायच्या. उन्हाचा त्रास असेल. मला मात्र घरी येईपर्यंत बरं वाटलं नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

काय म्हणावं या कर्माला. संस्थेतून फोन आला. आमच्या हद्दीची माहिती संशयास्पद म्हणून बाजूला काढली आहे. त्यांची मशीन सारखी उत्तरं पकडते. 'आपल्याकडे पाणी का नाही' या प्रश्नाला 'इतर' च्या रकान्यात एकोणीस बायकांनी शब्दाला शब्द एकच उत्तर दिलंय. म्हणून त्यांना वाटतं, न्दुंगे घरोघरी गेलीच नाही, झाडाखाली बसून तिनं स्वतःच टॅब भरला.

मी विचारलं, पुरुषांचं काय? त्यांची उत्तरं एकदम छान आहेत, म्हणाले. वीसही सारखी आहेत, पण ती रकान्यातली आहेत, त्यामुळे चालतात.

बायकांनी काय सांगितलं ते सांगत नाहीत, गुप्त असतं म्हणे. देवाबिवाचं काहीतरी असणार. की मग त्या पोरीचाच आळस. तिला बघताच मला शंका आली होती, इतकी हसरी मुलगी काम काय करणार? आता वरिष्ठ बाई पडताळणीला येणार. खोटं निघालं तर मुलीची नोकरी जाईल, जाऊ दे, पण आमची हद्द यादीतून बाद होईल. बोअरवेल गेली म्हणजे माझं नाक गेलं. मुलीविरुद्ध कडक तक्रार लिहायला घेतली. स्योकाऊला वाचून दाखवली. ती मन लावून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, तिच्या घरी कोण कोण आहे? मी म्हणालो, ते मला काय माहीत. ती म्हणाली, मला माहीत आहे, आई आणि दोन लहान बहिणी, हिच्या पगारावर.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

तक्रारीवर मारायला शिक्का सापडत नाही. खोली उलथीपालथी केली. मुसेंबी तीन दिवस चकरा मारतोय, वरच्या वाळूच्या कागदावर सही झाली आहे, पण शिक्क्याशिवाय चौकीवर ट्रक सोडत नाहीत. त्याचे दोन ट्रक नदीकाठी येऊन उभे आहेत. आज बोलणं तितकंसं गोड नव्हतं. विटांची आठवण करून दिली.

बहीण म्हणते शेळीनं खाल्ला असेल. स्योकाऊला विचारलं तर म्हणाली, शेळी रबर खात नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहितो. नंतर लिहायचा धीर होईल की नाही, माहीत नाही.

पडताळणीच्या बाई दहाला आल्या, नेकेसा म्हणून. चष्मा, सपाट चपला, आवाज न चढवता बोलणाऱ्या. न्दुंगे बरोबर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, डोळे सुजले होते. अंगणात बाहेर बायका बसल्या होत्या, वीस तरी असतील. मी म्हणालो, पाण्याला गेल्या नाहीत का आज? एकीनं सांगितलं, आज सुट्टी.

नेकेसा बाई म्हणाल्या, घरोघरी पुन्हा जायची गरज नाही, प्रश्न एकच आहे आणि तो असिस्टंट चीफच सांगू शकेल. एकोणीस बायकांनी पाणीटंचाईचं कारण म्हणून एका माणसाकडे बोट दाखवलंय. असा माणूस या हद्दीत खरोखर राहत असेल, तर मुलगी खरी आणि माहिती खरी. नसेल, तर मुलीनं मनानं रचलं. तुम्ही 'नाही' लिहून दिलंत तर मी आजच प्रकरण मिटवते. तुमचं नव्यानं लोकमत घ्यायला मात्र दोन वर्षं लागतील.

मी म्हणालो, विचारा. मला वाटलं एखादा चेटक्या असेल.

त्यांनी टॅबवर वाचलं. "स्योकाऊचा नवरा."

आमच्याकडे बाईला नवऱ्याच्या नावानं ओळखतात. पुरुषाला बायकोच्या नावानं कुणी हाक मारत नाही. मारली तर त्याला घरात, दारात, नदीवर काही किंमत उरलेली नाही, असा त्याचा अर्थ. 'असिस्टंट चीफ' म्हणायला त्या घाबरल्या असतील, परक्या मुलीसमोर सरकारचं नाव कसं घेणार. म्हणून रांगेत उभ्या राहून हे ठरवलं. एकोणीसजणींनी.

"एकीचं उत्तर जरा वेगळं आहे," नेकेसा बाई म्हणाल्या. "तिनं नुसतं 'माझा नवरा' म्हटलंय. ती घरगुती भांडणातली असावी, आम्ही धरली नाही. तर, असा कुणी माणूस आहे का इथं?"

स्योकाऊ दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुण्यांसमोर मी तिला 'मुतिसोची आई' म्हणतो, त्यामुळे नेकेसा बाईंना तिचं नाव माहीत नव्हतं. न्दुंगेला माहीत असावं, कारण ती जमिनीकडे बघत होती. अंगणातली एकही बाई हलली नाही. सुसू कालोन्दूलाही त्यांनी गाढवावर बसवून आणलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

'नाही' म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर मी सोपंच बोललोय. ओठावर आलंही होतं. पण स्योकाऊ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी 'नाही' म्हणालो असतो. मला फार लाज वाटली. साहेबांच्या बैठकीतली लाज निराळी, ती हसून घालवता येते.

"आहे," मी म्हणालो.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडाफार."

"आणि या बायका म्हणतात त्यात तथ्य आहे?"

"वाळू त्यानं दिली," मी म्हणालो. "पोरीनं काही रचलेलं नाही."

नेकेसा बाईंनी टॅबवर काहीतरी दाबलं आणि कागद पुढे केला. सही केली. शिक्का लागेल, म्हणाल्या. मी सांगणार होतो की हरवलाय, तेवढ्यात स्योकाऊनं ट्रे खाली ठेवला, कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या टोकाची गाठ सोडली आणि शिक्का काढून माझ्या हातात दिला. मी कागदावर मारला. तिनं तो परत घेतला, पुसला आणि पुन्हा गाठ मारली. न्दुंगे चहा पिताना रडली आणि दोनदा साखर मागितली.

बोअरवेलचं विचारलं. नेकेसा बाई म्हणाल्या, यादी पुढच्या वर्षी, आणि 'इतर' रकान्यातली कारणं यादीत धरत नाहीत.

चार वाजता मुसेंबी आला. गाडीतूनच विचारलं, शिक्का सापडला का? मी म्हणालो, सापडला, बायकोकडे आहे. मग तिच्याकडून घेऊन या, तो म्हणाला. ती बंधाऱ्याच्या भिंतीपाशी होती, झिऱ्यावर, बाकीच्या सगळ्या तिथंच बसलेल्या.

"जा, तूच माग," मी म्हणालो.

त्यानं बराच वेळ नदीकडे पाहिलं. गाडीतून उतरला नाही.